भांडणं शनिवारी ऐकणाऱ्या बाई

पोर रडत आलं की बाई आधी त्याचं नाक पुसायच्या. स्वतःच्या पदरानं. मग कुठं रक्त आलंय का बघायच्या, गुडघा धुवायच्या, हळद दाबायच्या. एवढं होईपर्यंत पोराला दम यायचा नि ते तोंड उघडायचं. "बाई, ह्यानं मला..." की बाईंचं उजव्या हाताचं बोट वर.

"शनिवारी."

"पण बाई, त्यानंच आधी..."

"शनिवारी सांग. सगळं सांग. काही सोडू नको."

नि पोर जायचं. मुकाट जायचं, हेच मला कळायचं नाही. मी घंटेखालच्या स्टुलावर बसून बघत राहायचो. अंबरनाथ नि बदलापूरच्या मधल्या पट्ट्यातली ती नगरपालिकेची प्राथमिक शाळा, पत्र्याची, मी तिथला शिपाई. त्याआधी अंबरनाथला कारखान्यात होतो, तो बंद पडला. पोरं मला मामा म्हणायची, बाईही मामाच म्हणायच्या. आमची ही तिथंच बचत गटातून खिचडी शिजवायची. तिला सगळे मावशी म्हणायचे. मामा नि मावशी नवरा-बायको कसे, असं एका पोरानं तिला विचारलं होतं. ती हसून हसून चुलीपुढं बसली.

मी शिकलेला नाही, आधीच सांगतो. चौथीत शाळा सोडली. आमच्या गावच्या गुरुजींनी बोटांच्या सांध्यांवर पट्टी हाणली, मी दप्तर तिथंच टाकून ओढ्याकडं पळालो, तो परत गेलोच नाही. त्यामुळं पोरं सरळ करायची म्हणजे हाणायची, दुसरी रीत मला ठाऊकच नव्हती. शाळेत शिपाई झाल्यावर जूनमध्ये माझं पहिलं काम कुठलं, तर बारवी धरणाच्या रानात जाऊन निरगुडीच्या छड्या तोडून आणायच्या. साल काढायची, तेल लावायचं, वर्गागणिक एक द्यायची. कुणी सांगितलेलं नाही, पण पडलेली रीत.

ह्या बाई नव्या आल्या, तिसरीच्या वर्गाला. मी छडी घेऊन गेलो. त्यांनी ती हातात घेतली, वाकवून बघितली, वास घेतला.

"निरगुडी ना, मामा? कुठली?"

"बारवीची. चिवट आहे, वर्षभर मोडणार नाही."

"ह्याचा पाला उकळून शेकला की गुडघे हलके होतात. पुढच्या वेळी पाला आणा. काठी राहू दे झाडाला."

मी घरी येऊन हिला म्हटलं, ही बाई दिवाळीपर्यंत टिकत नाही. पोरं हिला खाऊन टाकतील.

तुम्ही शाळेवरून जाता तेव्हा कधी कान देऊन ऐकलंय का? एकदा ऐका. आमचे मोठे गुरुजी, म्हणजे हेडमास्तर, चौथीला शिकवायचे. त्यांच्या वर्गात टाचणी पडली तर ऐकू यायची. पण गुरुजी फोन आला म्हणून बाहेर आले (त्यांनी नवा मोबाइल घेतला होता, तो घेऊन ते मैदानाच्या मधोमध उभे राहायचे, तिथंच रेंज यायची), की वर्गात बाजार. बाकं पडायची, कुणीतरी किंचाळायचं. गुरुजी परत वळले की पुन्हा मसणवटा. बाईंच्या वर्गात गोंगाट असायचा. कायम. पण बाई आत असल्या तरी तेवढाच नि बाई बाहेर गेल्या तरी तेवढाच. हे मी बरेच दिवस ऐकलं, नि मग मला राहवेना. मी व्हरांडा झाडायच्या निमित्तानं त्यांच्या खिडकीखाली थांबायला लागलो. एकच जागा किती झाडतो मामा, असं पोरं म्हणायला लागली.

शनिवारी सकाळची शाळा. शेवटचा तास कवायतीचा लिहिलेला, पण तिसरीत तो भांडणाचा. बाई खुर्ची बाजूला सारून खाली सतरंजीवर बसायच्या, पोरं भोवतीनं. "चला, आठवड्याची भांडणं काढा."

गंमत अशी की निघायचीच नाहीत. सोमवारी ज्यांनी एकमेकांचे केस उपटले ती शनिवारी एकाच डब्यातली चिंच चोखत बसलेली. बाई विचारायच्या, "सोनल, तुझं नि पूजाचं काय होतं गं?" सोनल पूजाकडं बघायची. पूजा सोनलकडं. "आमचं? कधी?" वर्ग हसायचा. बाई हसायच्या नाहीत. त्या खरंच विचारात पडायच्या. "अरे, मग गेलं कुठं भांडण? सोमवारी तर होतं. शोधा बरं." नि पोरं भांडण कुठं गेलं ते शोधायला लागायची. एक म्हणायचं खिचडीत गेलं. एक म्हणायचं पावसात.

उरायची ती दोन-तीन. ती मात्र बाई अशा ऐकायच्या, जशी पंचायत. मध्ये बोलायच्या नाहीत. एकाचं झालं की दुसऱ्याचं. मग म्हणायच्या, "आता तू त्याचं सांग नि तो तुझं सांगेल." म्हणजे मारणाऱ्यानं मार खाणाऱ्याचं गाऱ्हाणं मांडायचं. तिथं निम्मे घसरायचे. दुसऱ्याचं गाऱ्हाणं सांगता सांगता एक धटिंगण पोर एकदा स्वतःच रडायला लागलं. "बाई, लय लागलं असंल ओ त्याला."

एक होता रोशन. ह्याचा राग टिकाऊ, डोकं मात्र विसराळू. शनिवारपर्यंत आठवावं म्हणून त्यानं चड्डीच्या नाडीला गाठी मारायला सुरुवात केली. कुणी चिमटा काढला, गाठ. कुणी नावं ठेवली, गाठ. शनिवारी उभा राहिला, नाडी हातात धरली, नि एकाही गाठीचं काय ते आठवेना. बाई म्हणाल्या, "बस, सावकाश आठव." ते पोर पाय चोळायला लागलं. "बाई, आठवत नाय, पण लघवी लागलीय, नि नाडी सुटत नाय." मी आत गेलो, दातानं गाठी सोडवल्या. म्हातारपणी हे काम. बाहेर येऊन मी नि बाई इतके हसलो की गुरुजींनी मैदानातून मान वळवून बघितलं.

आईबापांना हे पटायचं नाही. खोटं कशाला बोलू, मलाही आधी पटत नव्हतं. एक बाप आला, रिक्षावाला, प्रतीकचा. "बाई, आमचा प्रतीक हाताबाहेर चाललाय. दोन ठेवून द्या. हाडं आमची, कातडं तुमचं."

बाई म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही सकाळी पोरगं अख्खं पाठवता, मी संध्याकाळी अख्खं परत देते. वाटण्या कशाला करायच्या?"

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, ह्या बाईंचं काय खरं नाय."

घरी आमची ही मात्र त्यांची चेली झाली. मी संध्याकाळी काही बोललो, भाजीत मीठ जास्त, तुझ्या भावाचं असं नि तसं, की ती पिठाचं बोट वर करायची. "शनिवारी." मी चिडायचो. मी काय तिसरीतलं पोर आहे? पण ती ऐकायचीच नाही. शनिवारी दुपारी शाळा सुटून घरी आलो, जेवलो, की पाट घेऊन समोर बसायची. "हां, काढा तुमचं." मला काही आठवायचं नाही. तिला सगळं आठवायचं. पण ती निम्मं सोडून द्यायची, नि उरलेलं असं सांगायची की मला माझंच हसू यायचं. आता ती नाही. शनिवार येतो, मी जेवतो, ताट धुतो. पाट भिंतीला उभा आहे. कुणी उचलत नाही.

बाईंबद्दल मला जे माहीत आहे ते शाळेतलं. बाकीचं हिला माहीत होतं. चुलीजवळ दोघी बसायच्या, तांदूळ निवडत बोलायच्या. बाई वांगणीहून यायच्या, एकट्या राहायच्या, एवढंच मला ठाऊक. ही रीत त्या कुठं शिकल्या? त्यांना लहानपणी कुणी मारलं होतं की कुणीच मारलं नव्हतं? त्यांना पोरं होती का? हिला विचारायचं राहिलं, नि आता विचारणार कुणाला. पुढच्या जूनला बाई बदलून गेल्या, तेही इथंच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी रडारड नको. कर्जतकडं कुठल्या तरी वाडीवर गेल्या म्हणतात. कुणी म्हणालं, पुढं सांगतो त्या प्रकारामुळं गुरुजींनीच वर कळवलं. कुणी म्हणालं, बदली आलेलीच होती. मला माहीत नाही. जे मी डोळ्यांनी बघितलं ते सांगतो.

तिसरीच्या वर्गात मंत्री असायचे. सफाईमंत्री, फळामंत्री, पाणीमंत्री. पाणीमंत्री म्हणजे मधल्या सुट्टीत नळाची ओळ लावायची. शाळेला पत्र्याच्या शेडमागं एक टाकी, तिला दोन नळ, त्यातला एक गळका म्हणून मी चिंधीनं बांधून ठेवलेला. राहिला एक. त्यावर रोज मारामारी, दात लागायचे, डोकी आपटायची. बाईंनी पाणीमंत्री केला प्रतीकला. तोच, रिक्षावाल्याचा. सगळ्यांत दांडगा तोच, म्हणून त्यालाच. नि पोरगं काय बदललं! ओळ अशी लावायचा की दोरी धरून बघावी. बाईंचा नियम होता, हात धुतल्याशिवाय नळाला हात लावायचा नाही, काविळीची साथ होती तेव्हा. प्रतीक एकेकाचे तळवे बघायचा, पोलिसासारखा. मळके असले की ओळीतून बाहेर. "जा, धुऊन ये."

मीही म्हणायचो, वा, काय शिस्त आहे.

वर्गात एक यल्लू होता. दगडखाणीतला. आईबाप सोलापूरच्याही पलीकडचे, खडी फोडायला आलेले, खाणीच्या कडेलाच झोपडी. त्यांच्यातलं शाळेत येणारं ते एकच पोर. कितीही धुतलं तरी त्याच्या अंगावर दगडाची भुकटी असायची, पापण्यांवरसुद्धा. पोरं त्याला पावडर म्हणायची. बोलायचा फार कमी. भांडणाच्या तासाला कधी उभा राहिलेला मी बघितला नाही.

तो बुधवार होता. मधली सुट्टी संपत आलेली, मी घंटेला हात घालणार, तेवढ्यात यल्लू व्हरांड्यात बाईंपुढं येऊन उभा. ऑक्टोबरचं ऊन, पोराचे ओठ पांढरे पडलेले. तो म्हणाला, "बाई, पाणी..."

बाई घाईत होत्या, तीन पोरांच्या पाट्या हातात. "कुणाशी झालं?"

"प्रतीक."

"शनिवारी सांग हं. सगळं सांग."

यल्लू गेला. रडला नाही, काही नाही. मी घंटा दिली.

गुरुवारी तो आला नाही. शुक्रवारी नाही. शनिवारी शेवटच्या तासाला बाई सतरंजीवर बसल्या नि म्हणाल्या, "पहिलं यल्लूचं. यल्लू कुठंय?"

मी खिडकीखाली होतो. त्या वर्गात मी कधी शांतता ऐकली नव्हती. ती त्या दिवशी ऐकली, नि माझ्या हातातला झाडू थांबला.

सोनल म्हणाली, "बाई, तो घरी जाऊन पाणी प्यायचा. सुट्टीत पळत जायचा खाणीवर. बुधवारी नाय गेला. मग आलाच नाय."

"इथं नळ असताना?"

"त्याचे हात मळके असतात ना. हात धुतल्याशिवाय नळाला हात लावायचा नाय. नि नळाला हात लावल्याशिवाय तो हात धुणार कसा?"

प्रतीक उभा राहिला. रडायलाच लागला. "बाई, तुम्हीच सांगितलं होतं ना! मी तुमचंच ऐकलं!"

बाईंनी त्याला जवळ घेतलं नाही नि रागेही भरल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "हो. मीच सांगितलं होतं." तेवढ्यात तास संपला. मला घंटा द्यावी लागली.

त्याच दुपारी बाई माझ्याकडं आल्या. "मामा, खाणीची वाट माहीत आहे?" आम्ही गेलो. ही पण म्हणाली येते, डोक्यावर पदर घेऊन मागून आली. खाणीत उन्हाचा चटका असा की दगडाला हात लावता येईना. यल्लूची आई हातोडी घेऊन बसलेली, मांडीवर गोणपाट. बाईंना बघून उठली, घाबरली.

"मारते मी त्याला, बाई. सोमवारपासून येईल."

"नका मारू. त्याचं काही चुकलं नाही."

"मग येत नाही कशाला? नाय आला तर मुकादम बोलतो, खडीची पाटी उचलू दे त्याला. पुढच्या आठवड्यात बसवणार. आमच्यात शाळेत गेलेला हा एकच, बाई. हा बसला खडीवर, की संपलं."

यल्लू झोपडीच्या पत्र्यामागं. पाय दिसत होते. बाई एका दगडावर बसल्या नि पत्र्याशी बोलायला लागल्या. माझं चुकलं म्हणाल्या. प्रतीकला समजावलंय म्हणाल्या. पाय हलले नाहीत. आमची ही हळूच म्हणाली, "बाई, गुळाचा खडा दाखवू का?" बाईंनी मान हलवली. गुळानं येणारं ते पोर नव्हतं.

रविवारी बाई पुन्हा गेल्या, सुट्टीच्या दिवशी, वांगणीहून उन्हातान्हाच्या. मीही गेलो. मला राग आला होता, कुणाचा ते सांगता येत नव्हतं. पुन्हा पाय नि पत्रा. बाई कालच्याच दगडावर बसल्या. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, जणू बाजाराला जायचं ठरवताहेत.

"यल्लू, तू शनिवारी ये नि माझी तक्रार कर. माझ्यावर. मी उभी राहीन, तू बसशील."

पत्र्याच्या कडेनं एक डोळा आला. "खाली?"

"खाली कशाला? माझ्या खुर्चीवर."

"खुर्चीवर?" आता अख्खं तोंड बाहेर. "पाय टेकत नाय पण माझे."

"नाही टेकले तर हलव."

यल्लूच्या आईनं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "मामा, ह्या खऱ्या शाळेतल्या बाई आहेत ना?"

तो आठवडाभर आला नाही. बाई रोज हजेरी घेताना त्याचं नाव घ्यायच्या नि दाराकडं बघायच्या. मुकादमानं त्याला पाटी दिली, असं पोरं सांगत आली. मी मनात म्हटलं, गेलं पोरगं.

शनिवारी शेवटच्या तासाला आला. दप्तर नाही. आईनं इतकं घासलं होतं की कोपरं लाल झालेली, डोक्याला तेल थापलेलं, कपाळावर ओघळ. बाईंनी खुर्ची फळ्यासमोर ठेवली. यल्लू चढून बसला. पाय लोंबकळत. बाई समोर उभ्या राहिल्या, हात जोडून नाही, नुसते पुढं धरून, जसे छडी खाताना पोरं धरतात. कुणी हसलं नाही.

"सांग, यल्लू."

तो पाय हलवत राहिला. खिडकीबाहेर मी, नि माझ्यामागं ही, हातात खिचडीचा डाव. बाई थांबल्या. त्यांना थांबता यायचं. आपल्याला नाही येत.

शेवटी तो म्हणाला, "तहान बुधवारी लागली होती."

एवढंच. बाईंची मान खाली गेली.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "नि मी तुला शनिवार सांगितला. आता मला काय शिक्षा?"

मग मात्र वर्ग फुटला. अंगठे धरा, बाई! शंभर उठाबशा! रोशन म्हणाला, नाडीला गाठ मारा. सोनल म्हणाली, "गप रे, बाई साडी नेसतात." यल्लूनं हात वर केला, तशी सगळी गप्प झाली. खुर्चीवर बसलं की पोरालाही जोर येतो बघा.

"सगळ्यांचं पिऊन झालं की मग बाईंनी प्यायचं. ओळीत शेवटी. पुढच्या शनिवारपर्यंत."

"बरं. नि प्रतीकचं?"

यल्लूनं प्रतीककडं बघितलं. प्रतीकचा चेहरा पडलेला. "त्यानं नळ सोडायचा. मी हात धुणार. मग पिणार."

इतकं सोपं. नळ दुसऱ्यानं सोडायचा. कुणालाही सुचलं नव्हतं, मलाही नाही, नि मी तर नळाचाच माणूस. बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, पोरांकडून वाचून घेतलं: तहान, रक्त नि भीती शनिवारसाठी ठेवायची नाही. लगेच सांगायची.

गुरुजींनी हे दारातून बघितलं होतं. तास सुटल्यावर बाईंना ऑफिसात बोलावलं. मी चहा घेऊन गेलो, तो जरा सावकाश ठेवला.

"पोर खुर्चीवर, बाई? आज तुमच्या बसलं, उद्या माझ्या डोक्यावर बसेल."

"तुमच्या डोक्यावर नाही बसायचं, गुरुजी. ते खाणीवर बसणार होतं."

"शिक्षकाची काही इज्जत असते."

"असते ना. म्हणून तर शिक्षा घेतली. इज्जत नसलेल्याला शिक्षा कोण देतं?"

गुरुजी मला म्हणाले, "तुम्ही जा आता." मी गेलो. पण दार उघडंच ठेवलं.

सोमवारी प्रतीकचा बाप रिक्षा घेऊन थेट मैदानात. "पोरं बाईंना शिक्षा करतात? ही काय शाळा आहे का तमाशा?" बाई त्याच्याशी शांतपणे बोलल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, पण जाताना तो मला म्हणाला, "मामा, आमचा पोरगा काल घरात रडत होता. आम्ही विचारलं काय झालं, तर सांगेना. म्हणतो, वर्गातलं वर्गात."

यल्लू यायला लागला. दप्तरासकट. मुकादम दोनदा शाळेच्या कुंपणापर्यंत आला, परत गेला.

नि बाई ओळीत शेवटी. मधल्या सुट्टीत चाळीस-पन्नास पोरं नळाला, त्यांच्यामागं बाई, हातात स्टीलचा पेला. तो पेला हिनं उल्हासनगरच्या बाजारातून आणलेला. बाईंचं वय झालेलं, पाय दुखायचे, एकदा ह्या पायावर, एकदा त्या पायावर. पोरांना आधी गंमत वाटली. "बाई, पुढं या ना." "शिक्षा आहे रे." पोरं फिदीफिदी हसायची नि नळाला तोंड लावून पोट फुगेपर्यंत प्यायची.

गुरुवारी बारवीच्या लाइनचं काम निघालं. पाणी आलंच नाही, टाकीत होतं तेवढंच. ओळ सरकत गेली, नळ बारीक होत गेला. शेवटची चार पोरं थेंब थेंब प्यायली. बाई पुढं झाल्या, पेला धरला, नि नळातून नुसती हवा आली. फुस्स झालं. पोरं हसली नाहीत.

आमची ही चुलीजवळून तांब्या घेऊन धावली. स्वयंपाकाचं पाणी ती वेगळं भरून ठेवायची. "बाई, हे घ्या. चक्कर येईल उन्हात."

"मावशी, तांब्या तुमचा, पण शिक्षा माझी." बाईंनी ओठांवरून पदर फिरवला नि पोरांना म्हणाल्या, "चला, पाढे राहिलेत." दुपारभर कोरड्या घशानं शिकवत होत्या. मला व्हरांड्यात त्यांचा आवाज फाटलेला ऐकू येत होता. ही माझ्याशी घरी येईपर्यंत बोलली नाही, जणू पाणी मीच तोडलं होतं.

शुक्रवारी पाणी आलं, पण दाब कमी, टाकी अर्धी. मी काठी घालून बघितलं नि मनात म्हटलं, आजही तेच होणार. सुट्टीची घंटा दिली. पोरं नळाकडं पळाली, नेहमीसारखी. ओळ लागली. बाई पेला घेऊन शेवटी.

प्रतीकनं नळ सोडला. यल्लूनं हात धुतले, दोन घोट प्यायला नि बाजूला झाला. पुढची सोनल, दोन घोट. रोशन, दोन घोट. एकाचं होऊन दुसरं पोर पुढं येईपर्यंत प्रतीक नळ बंद करत होता. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना. मी तिथंच उभा होतो, बाई तर तोंडही उघडत नव्हत्या. प्यायलेलं एकही पोर खेळायला गेलं नाही. सगळी टाकीच्या बाजूला, ओल्या हनुवट्यांनी, गर्दी करून उभी राहिली. नि सगळ्यांच्या माना ओळीच्या शेवटाकडं वळलेल्या, पाणी बाईंपर्यंत पोचतंय का बघत.